दप्तर आपले, किल्ली कुणाची?

कापसाची दुसरी वेचणी चालू होती. आमच्या जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत काठावरच्या गावचा एक सभासद उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, काटा झाला, माल जिनात गेला, मग आमची पट्टी कुठं अडली?” अध्यक्षांनी सांगितले, पट्टी तर रोज संध्याकाळी जाते. सभासद म्हणाला, तीन आठवडे झाले, एकही आलेली नाही. मग दुसरा उठला, तिसरा उठला. सभा संपता संपता कुजबुज सुरू झाली की कंपनीने चुकारे दाबून ठेवले आहेत, म्हणूनच हिशोब पाठवत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या गावातून कंपनीच्या काट्यावर एकही गाडी आली नाही. माल खेडा खरेदीवाल्याने गावातूनच उचलला, तोही कमी भावाने.

कंपनीने एक पैसाही दाबलेला नव्हता. काट्यावर उचल मिळाली होती. बाकीचा चुकारा गाठी विकल्यावर मिळायचा, हे सर्वांना ठाऊक होते. मधल्या दोन महिन्यांत शेतकऱ्याने विश्वास ठेवावा तो कशावर? पट्टीवर. किती क्विंटल भरले, ओलावा किती निघाला, कडता किती धरला, उचल किती गेली, बाकी किती राहिली, हे सांगणारा तो एकच कागद. तोच बंद पडला, आणि तीन वर्षांत कमावलेली पत तीन आठवड्यांत गेली.

असे का झाले, याचा आम्ही शोध घेतला. जे कळले ते या पानावर मांडत आहोत, कारण आज ना उद्या तीच पाळी आपल्यापैकी प्रत्येक कंपनीवर, प्रत्येक गटावर येणार आहे.

कंपनीचे दप्तर संगणकावर होते. गावातल्याच एका हुशार मुलाने ते ‘ॲक्सेस’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये बांधून दिले होते. सभासदांची यादी, काटापावत्या, रुईचा उतारा, सरकीचा हिशोब, उचल, चुकारे, सगळे त्यात. बाजारात मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्ये आपला कडता, आपली उचल, आपला उतारा बसत नाही. म्हणून आपल्या रीतीचे दप्तर आपण बांधून घेतो, आणि त्यात चूक काही नाही. त्या मुलाने पुढे त्याला दोन तारा जोडल्या. एक ई-मेलची. संध्याकाळी बटण दाबले की प्रत्येक गावगटाच्या प्रमुखाकडे पट्टी जायची आणि तो ती पारावर वाचून दाखवायचा. दुसरी तार क्लाऊडवरच्या फोल्डरची. काटापावतीचा फोटो काढला की तो तिकडे जमा व्हायचा. काम झकास चालले होते.

पण ई-मेलचे खाते त्या मुलाच्या स्वतःच्या नावाचे होते. त्याचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या आतच लिहून ठेवलेला होता. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर यायचा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मध्यंतरी ई-मेल पुरवणाऱ्या कंपनीने नुसत्या पासवर्डावर दुसऱ्या प्रोग्रॅमला आत घेणे बंद केले. त्याची नोटीस आली होती, पण ती ज्या पेटीत आली ती कोणी उघडतच नव्हते. बटण दाबले की पडद्यावर इंग्रजीत एक तांबडी ओळ यायची. कारकून ती ओळ बंद करायचा आणि घरी जायचा. त्याचाही दोष नाही. ती ओळ दिसली तर काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

शेतकऱ्याचे नुकसान पावसाने होते, बोंडअळीने होते, भावाने होते. इथे ते झाले किल्ली हरवल्याने.

किल्लीची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते ताब्यात घेऊन जाळली. त्या उठावाला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. त्यांचा राग कागदावर होता, कारण कागद सावकाराच्या पेटीत असायचा, आकडे सावकार लिहायचा आणि अंगठा शेतकऱ्याचा असायचा. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला. त्यात सावकाराने शेतकऱ्याला पावती द्यावी, हिशोबाचे विवरण द्यावे, अशा तरतुदी आल्या. म्हणजे शेतकऱ्याला स्वतःचा हिशोब पाहायला मिळावा, एवढ्यासाठी जाळपोळ व्हावी लागली आणि वर कायदाही व्हावा लागला. आज दप्तर आपण स्वतः लिहितो. कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि उत्पादक कंपनी काढण्याचा हक्क आपल्याला मिळाला. मग स्वतःच्या दप्तराची किल्ली आपण पुन्हा दुसऱ्याच्या खिशात का ठेवायची? खिसा सावकाराचा नाही, आपल्याच पोराचा आहे, एवढ्याने भागत नाही. पोरगा चांगला असतो, पण तो आजारी पडतो, नोकरीला जातो, मोबाइलचा नंबर बदलतो.

आता हे क्लाऊड म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. नाव ढगाचे असले तरी त्यात आभाळातले काही नाही. दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या यंत्रावर आपण आपली पत्रे आणि कागद ठेवतो, आणि तारेवरून ते काढतो-घालतो. आपले आजे ज्वारी पेवात ठेवत. पेव स्वतःच्या वाड्यात असो की गावाच्या पांढरीत, ज्वारी कोणाची आणि तोंड कोण उघडणार हे ठरलेले असे. क्लाऊड म्हणजे परक्याच्या वाड्यातले पेव. ते वाईट नाही. आपल्या कार्यालयात उंदीर आहेत, वीज जाते, पत्रे गळतात, संगणक जळतो. तिथे कागद सुरक्षित राहतो. पण पेवात धान्य टाकताना जी विचारपूस आपण करू, ती इथेही केलीच पाहिजे.

पहिली गोष्ट, पासवर्ड आणि पास यांतला फरक. आपल्या दप्तराला पासवर्ड देणे म्हणजे हमालाला सगळ्या वाड्याची किल्ली देणे. त्याला फक्त पोती उतरवायची आहेत, पण त्या किल्लीने तो देवघरही उघडू शकतो आणि तिजोरीची खोलीही. पास म्हणजे आवारात शिरताना मिळणारी चिठ्ठी. ही गाडी, हा माल, हे गेट, इतका वेळ, असे त्यावर लिहिलेले असते. संगणकाच्या जगात अशी चिठ्ठी देण्याची एक सर्वमान्य रीत आहे. तिचे नाव ओऑथ, आणि तिची आजची आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मालक स्वतः खात्यात शिरतो, ‘या प्रोग्रॅमला एवढेच काम करू द्या’ असे सांगतो, आणि प्रोग्रॅमला एक पास मिळतो. पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाती लागतच नाही. रोजच्या कामाचा पास साधारण तासाभराचा असतो. तो संपला की नवा मागून घेण्यासाठी प्रोग्रॅमजवळ दुसरा, लांब मुदतीचा पास असतो. हा लांब मुदतीचा पास किल्लीइतकाच जपायचा असतो. आणि मालकाला वाटले तर तो खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन ही परवानगी केव्हाही रद्द करू शकतो. पासवर्ड बदलावा लागत नाही, कुलूप तोडावे लागत नाही.

जुनी रीत आता मोडीत निघाली आहे, हेही लक्षात घ्या. ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या जीमेल खात्यांत नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रवेश देणे थांबवले. मायक्रोसॉफ्टने आपल्या कचेरी-ई-मेलमध्ये हेच १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने केले. पत्रे पाठवण्याच्या जुन्या वाटेला त्या वेळी सवलत दिली आणि तीही बंद करण्याचे पुढे जाहीर केले. जीमेलमध्ये ‘ॲप पासवर्ड’ नावाची एक मधली वाट आहे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की सोळा अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड मिळतो. अडल्या वेळी ती वाट चालते. पण तीही किल्लीच आहे, पास नव्हे. कायमची सोय म्हणून तिच्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट, पासावर काय लिहायचे. प्रोग्रॅम बांधणारा घाईत असतो. तो ‘सगळे करू द्या’ असा पास मागतो, म्हणजे पुन्हा अडचण नको. संचालकांनी इथे अडून बसले पाहिजे. पट्टी पाठवायची तर फक्त पाठवण्याची परवानगी पुरे. आलेली पत्रे वाचण्याची आणि खोडण्याची परवानगी कशाला? गूगलच्या ड्राइव्हमध्ये अशी परवानगी देता येते की प्रोग्रॅमला फक्त त्याने स्वतः तयार केलेल्या किंवा आपण त्याला उघडून दिलेल्या फायली दिसाव्यात, बाकीचे फोल्डर दिसू नयेत. तेवढीच द्यावी. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत परवानगीचे दोन प्रकार आहेत. एकात प्रोग्रॅम एका माणसाच्या वतीने काम करतो. दुसऱ्यात तो स्वतःच्या जोरावर काम करतो आणि तिथे व्यवस्थापकाने वेगळी मर्यादा घातली नाही, तर संस्थेतल्या कोणाच्याही नावाने पत्र पाठवू शकतो. पट्टी पाठवण्यासाठी दिलेल्या परवानगीने उद्या अध्यक्षांच्या नावाने बँकेला पत्र गेले, तर निस्तरणार कोण?

तिसरी गोष्ट, खाते कोणाच्या नावाने. ते कंपनीच्या नावाने असावे, व्यक्तीच्या नव्हे. पडताळणीचा मोबाइल कंपनीचा असावा आणि तो कपाटात राहावा. खात्याचे मालकपण निदान दोघांकडे असावे, जसे बँकेच्या चेकवर दोन सह्या असतात. ज्या नोंदणीवरून प्रोग्रॅमला पास मिळतो, तीही कंपनीच्याच खात्यात झालेली असावी. बांधून देणाऱ्याच्या खात्यात ती राहिली, तर तो गेला की पास देणारे खिडकीवर कोणीच उरत नाही.

चौथी गोष्ट, मुदती. पीक कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख आपण विसरत नाही, मग ही का विसरतो? गूगलमध्ये प्रोग्रॅमची नोंदणी ‘चाचणी’ या अवस्थेत ठेवली, तर लांब मुदतीचा पासही सात दिवसांत संपतो. कित्येक ठिकाणी ‘सोमवारी चालले, पुढच्या सोमवारी बंद’ अशी तक्रार येते तिचे कारण बहुधा हेच निघते. मायक्रोसॉफ्टमध्ये प्रोग्रॅमला जे गुप्त अक्षर देतात त्याला मुदत असते, आणि नेहमीच्या पडद्यावरून घेतले तर ती जास्तीत जास्त दोन वर्षांची. ही तारीख कार्यालयाच्या भिंतीवर, पाणीपट्टीच्या शेजारी लिहून ठेवली पाहिजे. आणि ती ऐन हंगामात येऊ देऊ नये. मृगाआधी ती उरकून घ्यावी, म्हणजे सीतादहीनंतर धावपळ होत नाही.

पाचवी गोष्ट कागदांची. काटापावत्यांचे फोटो दप्तराच्या पोटात कोंबू नयेत. ॲक्सेसच्या एका फायलीत दोन गिगाबाइटच मावतात. हजारो फोटो घातले की दप्तर फुगते, मंदावते आणि ऐन हंगामात बसते. फोटो क्लाऊडच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि दप्तरात त्याचा क्रमांक लिहावा. नाव नव्हे, क्रमांक. कारण फायलीचे नाव कोणीही बदलतो, पण क्लाऊडने दिलेला क्रमांक तोच राहतो. आणि एक चूक तर अनेकांनी केलेली आम्ही पाहिली. चालू दप्तरच क्लाऊडच्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि दोन ठिकाणांहून दोघांनी उघडायचे. अशाने दप्तराच्या दोन प्रती होतात किंवा ते बिघडते, आणि खरी प्रत कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. चालू दप्तर कार्यालयाच्या संगणकावरच राहू द्या. रात्री काम बंद झाल्यावर त्याची एक नक्कल क्लाऊडवर जाऊ द्या, आणि आठवड्यातून एक नक्कल अध्यक्षांच्या घरच्या कपाटातही. महिन्यातून एकदा ती नक्कल उघडून बघा. न उघडलेली नक्कल म्हणजे न तपासलेले बियाणे. उगवेल की नाही, पेरल्यावरच कळणार.

सहावी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. पत्र गेले की नाही, हे दप्तराला ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक पट्टीपुढे नोंद हवी. कधी पाठवली, गेली की अडली, अडली तर कशाने. अडलेली पुन्हा जावी, पण गेलेली दुसऱ्यांदा जाऊ नये, नाहीतर एकाच मालाच्या दोन पट्ट्या म्हणून नवे भांडण. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० पत्रांची मर्यादा आहे. हजार सभासदांना एकाच संध्याकाळी पाठवू गेलात, तर निम्म्यांची राहतील. फुकटच्या गूगल खात्यात १५ गिगाबाइट जागा असते आणि त्यातच पत्रे, फायली आणि फोटो तिन्ही येतात. ती भरली की नवीन पत्र येणेही थांबते. म्हणून संध्याकाळी कारकुनाच्या पडद्यावर एकच ओळ मराठीत आली पाहिजे: आज इतक्या पट्ट्या गेल्या, इतक्या अडल्या. आणि अडलेल्यांची यादी दुसऱ्या दिवशी काट्याजवळ लागली पाहिजे. ई-मेल बंद पडली तरी कागदावर पट्टी मिळतेच, हा भरवसा गावाला असेल तर अफवेला जागा राहत नाही.

सातवी गोष्ट झाकण्याची. या दप्तरात आधार क्रमांक आहेत, बँक खाती आहेत, सातबारे आहेत, आणि कोणाची किती उचल झाली हेही आहे. फोल्डर ‘दुवा असेल त्याला दिसेल’ असे उघडे ठेवले, तर तो दुवा गावच्या ग्रुपवरून व्यापाऱ्याच्या मोबाइलवर जायला एक दुपार पुरते. कोणत्या शेतकऱ्याच्या गळ्याशी आले आहे हे ज्याला कळले, तो त्याच्याच दारात गाडी घेऊन उभा राहतो आणि भाव पाडून मागतो. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कायदा नसता तरी हे आपल्यालाच झाकायचे होते. एका सभासदाच्या पट्टीत दुसऱ्याचा हिशोब नको, आणि कोणत्याच पट्टीत आधारचा पूर्ण क्रमांक नको.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? वही बरी होती. आम्ही वहीचा अनादर करत नाही. पण वही काट्यावर असते आणि सभासद बारा कोसांवर. त्याला आपला हिशोब घरी मिळावा म्हणून तर ही तार ओढली. आणि जग थांबत नाही. २०२५ च्या हंगामात आधारभूत किमतीने सीसीआयला कापूस विकायचा, तर त्याची नोंदणीही ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर करावी लागली. दुसरे म्हणतील, एखाद्या मोठ्या कंपनीचा फुकटचा प्रोग्रॅम घेऊन टाकू, सगळी कटकट तिची. फुकट मिळते तेव्हा माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण, हे बाजारात आयुष्य काढलेल्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. ज्याला आपण माल विकतो, त्यालाच आपली वही लिहायला देणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही.

तिसरे म्हणतील, आम्हाला यातले काही कळत नाही, पोरांना विचारा. हे आम्हाला मान्य नाही. एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस ही नावे आपण शिकलो, बीटीची पाकिटे वाचायला शिकलो, ओलाव्याचा आकडा यंत्रावर वाचून ग्रेडरशी भांडायला शिकलो. प्रोग्रॅम बांधायला आपल्याला यायला नको, पण किल्ली कोणाकडे आहे हे विचारता आले पाहिजे. त्याला इंग्रजी लागत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की जिल्हा मेळाव्याहून परतल्यावर प्रत्येक कंपनीने आणि गटाने पुढच्या संचालक सभेत हे पाच प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहावीत:

१. दप्तराला जोडलेले ई-मेल आणि फायलींचे खाते कोणाच्या नावाने आहे, आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

२. दप्तराजवळ पासवर्ड आहे की पास? पास असेल तर त्यावर कोणकोणती परवानगी लिहिली आहे?

३. तो पास किंवा गुप्त अक्षर कोणत्या तारखेला संपते, आणि ती तारीख कोणाच्या लक्षात राहणार आहे?

४. पट्टी अडली तर कोणाला, किती वेळात कळते?

५. बांधून देणारा उद्या आला नाही, तर दप्तर कोण उघडेल, आणि नक्कल शेवटची कधी उघडून पाहिली?

पाचांपैकी एकाचे जरी उत्तर ‘त्या पोराला विचारा’ असे आले, तर त्या पोराला आजच बोलवा. त्याच्यावर रागावू नका, त्याने फुकट रात्री जागून आपले काम केले आहे. त्याला त्याच्या कामाचे दाम द्या आणि किल्ली सन्मानाने कंपनीच्या कपाटात ठेवून घ्या. घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचे दाम चुकवू नयेत.

ज्या कंपनीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिने हे सारे आता केले आहे. खाते कंपनीचे, मोबाइल कपाटात, तारीख भिंतीवर. काठावरच्या गावातल्या गाड्या पुन्हा येऊ लागल्या आहेत, पण सगळ्या नाहीत. गेलेला विश्वास एका हंगामात परत येत नाही.

कोरडवाहू शेतकरी ढग पाहून पेरत नाही. ओल किती झाली हे बोटांनी माती उकरून पाहतो, मगच तिफण बाहेर काढतो. या नव्या ढगाच्या बाबतीतही तेवढेच करायचे आहे.